जमिनीखाली शीतगृह: गारवा किती, ओल किती, वीज किती

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेलाय: "शीतगृह जमिनीखाली बांधलं तर वीज निम्मीच लागेल ना?" विचारणाऱ्यांत भाजीपाला पिकवणारे शेतकरी गट आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत आणि कर्जाचा अर्ज जवळजवळ भरून झालेले दोघे-तिघेही आहेत. सध्या या कल्पनेला पेव फुटलंय. गंमत अशी की हा वाक्प्रचारच जमिनीखालच्या साठवणुकीतून आलाय. त्या पेवाकडे आपण शेवटी येऊ.

प्रश्नाचं थोडक्यात उत्तर आहे, नाही. निम्मी लागणार नाही. महाराष्ट्राच्या पठारावर तर बऱ्याचदा फारसा फरकच पडणार नाही. मात्र जमिनीचा उपयोग नाही असंही नाही. उपयोग आहे, पण जिथे आपण शोधतो तिथे नाही. हे का, ते आज आकड्यांनिशी पाहू.

सुरुवात विहिरीपासून करू. जानेवारीच्या पहाटे विहिरीचं पाणी काढलं तर कोमट लागतं, कधी वाफा निघताना दिसतात. मे महिन्याच्या दुपारी त्याच विहिरीचं पाणी तोंडावर मारलं की जीव गार होतो. आपण म्हणतो, विहिरीचं पाणी थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार असतं. खोल विहिरीत थर्मामीटर सोडून बघा. दोन्ही वेळा पारा जवळपास त्याच जागी असतो, सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास. पाणी बदलत नाही, आपण बदलतो. चाळीस अंशांतून आलेल्या हाताला सत्तावीस अंश गार लागतात, बारा अंशांतून आलेल्याला तेच गरम लागतात. गार वाटणं आणि गार असणं यांतला हा फरक लक्षात ठेवा. जमिनीखालच्या शीतगृहांबद्दलचे निम्मे गैरसमज त्यातूनच येतात.

मग जमीन नेमकं करते काय? ती सरासरी काढते. दिवसाची उष्णता मातीत शिरते, पण अर्धा मीटर खाली जाईपर्यंत तिचा जोर संपतो. त्याखाली दिवस आणि रात्र यांत फरक उरत नाही. वर्षाची लाट मात्र लांब असते, ती आणखी खोल जाते. ओलसर मातीचा ढोबळ हिशेब केला तर चार मीटरांवर ऋतूंचा चढउतार साधारण एक-पंचमांश शिल्लक राहतो, आणि तोही तीन महिने उशिरा पोचतो. म्हणजे मे महिन्याचा उन्हाळा चार मीटरांवर ऑगस्टमध्ये! आठ-दहा मीटरांच्या खाली तापमान वर्षभर जवळपास एकसारखं, आणि ते असतं त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीइतकं किंवा किंचित जास्त. पुण्याची सरासरी पंचवीसच्या आसपास आहे, नागपूरची सत्तावीसच्या. मराठवाड्यात कुठेही चार मीटर खणलंत तर वर्षभरात २५ ते २८ अंश मिळतील. बस्स, आपल्या जमिनीकडे एवढाच गारवा आहे.

इथे कुणीतरी अमेरिकेचं उदाहरण काढतंच. मिझुरी राज्यात चुनखडीच्या जुन्या खाणींमध्ये प्रचंड गोदामं आहेत, स्प्रिंगफील्ड गावाच्या खालच्या खाणीत चीजची मोठी साठवण होते. खरं आहे. पण तिथल्या खडकाचं मूळ तापमान पंधरा अंशांच्या आसपास आहे, कारण तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि वर्षाची सरासरीच तेवढी कमी आहे. दुसरं उदाहरण इराणचं. यझ्द, मेबोद, कर्मान या वाळवंटी भागात यखचाल नावाची जुनी बर्फघरं आहेत, वर मातीचा उंच घुमट आणि खाली खोल खड्डा. उन्हाळा आपल्यापेक्षा कडक. पण तिथे हिवाळ्यात, निरभ्र कोरड्या रात्री, उथळ पाण्याच्या चरांत बर्फ धरायचा. तो खड्ड्यात रचायचा आणि उन्हाळ्यात वापरायचा. म्हणजे खड्ड्याने थंडी तयार केली नाही, हिवाळ्याने केली. खड्ड्याने ती सांभाळली. त्यांच्या वर्षात थंडी आहे म्हणून जमिनीला ती साठवता येते. आपल्या वर्षात ती फारशी नाहीच, तर जमीन ती आणणार कुठून?

एक गोष्ट ऐकून विद्यार्थी नेहमी चकित होतात. मे महिन्यात विदर्भातली दुपार घ्या, हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के. अशा हवेत ओलं फडकं किंवा पाझरता माठ जास्तीत जास्त किती गार होऊ शकतो? साधारण २२-२३ अंशांपर्यंत. म्हणजे त्या दुपारी दारातला माठ चार मीटर खालच्या जमिनीपेक्षा गार असू शकतो! दिल्लीच्या पुसा संस्थेतून आलेला शून्य-ऊर्जा शीतकक्ष याच तत्त्वावर चालतो: विटांची दुहेरी भिंत, मधल्या फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओल्या गोणपाटाचं झाकण. ज्याला दोन-तीन दिवस भाजी टवटवीत ठेवून बाजाराच्या दिवसापर्यंत पोचायचं आहे, त्याने आधी हा करून पाहावा. जमीन खणायची गरज नाही, विजेचीही नाही. कोकणात किंवा श्रावणात मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा नको. हवाच ओली असेल तर पाणी उडणार कसं?

आता हिशेबाकडे येऊ. थोडा कंटाळवाणा आहे, पण कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी तो एकदा झालेला बरा.

समजा सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी एक खोली आहे. आत पाच अंश ठेवायचेत. भिंत, छत, फरशी सगळीकडे दहा सेंटिमीटर पफ. रोज दोन टन मिश्र भाजी आत येते. उष्णताही आपण विजेसारखीच युनिटमध्ये मोजू, आणि असं धरू की यंत्र एक युनिट वीज घेऊन अडीच युनिट उष्णता बाहेर फेकतं.

मे महिन्यात ही खोली जमिनीवर, उन्हात असेल तर भिंती, छत आणि फरशीतून दिवसाकाठी साधारण २० युनिट उष्णता आत झिरपते. तीच खोली पूर्ण पुरली, भोवती २७ अंशांची माती असली, तर साधारण १५ युनिट. बचत पाच युनिट उष्णतेची, म्हणजे विजेची दोन युनिटं. दिवसाला दोन! एवढ्यासाठी किती घनमीटर मुरूम उचलावा लागेल ते तुम्हीच मोजा.

आणि ही मे महिन्याची गोष्ट झाली. डिसेंबरात बाहेरच्या हवेची सरासरी एकवीसवर येते, माती मात्र अजून सत्तावीसवरच. म्हणजे हिवाळ्यात पुरलेल्या खोलीत जमिनीवरच्या खोलीपेक्षा *जास्त* उष्णता शिरते. मे महिन्यात जे कमावलं त्यातलं बरंचसं डिसेंबरात परत जातं. वर्षाचा ताळेबंद मांडला तर जमीन आणि हवा यांची सरासरी सारखीच, म्हणून खरी बचत उरते ती फक्त अंगावर पडणाऱ्या उन्हाची. ऊन अडवायला जमीन खणावी लागत नाही. खोलीवर हातभर मोकळी जागा सोडून दुसरं छप्पर टाकलं की झालं. पफ दहाऐवजी पंधरा सेंटिमीटर केला तर जमिनीवरच्या त्याच खोलीची झिरप मे महिन्यात वीसवरून चौदावर येते, म्हणजे खणण्यापेक्षा जास्त बचत, आणि तीही बाराही महिने.

आता याच खोलीत येणाऱ्या भाजीकडे बघा. दुपारी चारला तोडलेली भाजी ३८ अंशांची असते. दोन टन भाजी ३८ वरून ५ वर आणायला साधारण ७१ युनिट उष्णता काढावी लागते. तीच भाजी पहाटे तोडली, २६ अंशांची असताना आत घेतली, तर ४५ युनिट. फरक सव्वीस युनिटांचा, विजेत दहा. म्हणजे पहाटे तोडणी केली तर खोली पुरण्याच्या पाचपट बचत होते. पहाटे मजूर मिळत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण दुपारी तोडून रात्रभर सावलीत जाळीदार क्रेटमध्ये, हवेशीर ठेवून पहाटे आत घेतली तरी काही भाज्यांच्या बाबतीत त्यातला मोठा वाटा पदरात पडतो. कोथिंबीर-मेथीच्या बाबतीत हे करू नका, ती रात्रीत मान टाकते.

मग खणायचंच नाही का? तसं आम्ही म्हणत नाही. वर जे मोजलं ते दिवसाची सरासरी होती. दुपारी चारचा कळस वेगळा असतो. हवा ४२, तापलेला पत्रा ६०, त्या वेळी जमिनीवरच्या खोलीत शिरणारी उष्णता पुरलेल्या खोलीच्या जवळजवळ पावणेदोन पट होते. यंत्र निवडताना हा कळस बघावा लागतो. पुरलेल्या खोलीला कळसच नाही, त्यामुळे यंत्र लहान चालतं. आणि वीज गेली तर तापमान हळू चढतं. शेतीच्या फीडरला दिवसाचे आठ-दहा तास वीज असते, तीही कधी रात्रीची. अशा ठिकाणी सहा तास दम धरणारी खोली आणि दोन तासांत हातपाय गाळणारी खोली यांत संपूर्ण मालाचा फरक आहे. जागेचाही मुद्दा आहे. वर पॅकहाऊस, खाली साठवण असं केलं तर तीच जमीन दोनदा वापरता येते.

एक चूक मात्र करू नका. "माती आहेच भोवती, पफ कशाला?" असं आम्हाला दोन ठिकाणी विचारलं गेलं. माती गरमी रोखत नाही, फक्त उशिरा पोचवते. दीड-दोन मीटर माती मिळून जेमतेम चार-पाच सेंटिमीटर पफची बरोबरी करते. पफ न लावता खोली पुरली तर पहिला महिनाभर यंत्र भाजी नव्हे, भोवतीचा खडक थंड करत बसतं. त्या काळात भिंतीतून येणारी उष्णता पफ लावलेल्या खोलीच्या पाच-सहा पट असते. वर्षं गेली, खडक निवला, तरी तिप्पट उरतेच. खडकातून पावसाळ्याचं पाणी वाहत असेल तर निवलेला खडक दर वर्षी पुन्हा धुऊन निघणार.

थंडी कोण सांभाळतं, हे १८३३ साली कलकत्त्याच्या लोकांनी पाहिलं होतं. फ्रेडरिक ट्युडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने 'टस्कनी' जहाजात सुमारे १८० टन बर्फ भरून पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून. सप्टेंबरात कलकत्त्याला उतरला तेव्हा शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता! जहाजाला काही जमीन खणलेली नव्हती. बर्फाच्या लाद्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या, भोवती कोरडं वेष्टन, आणि वितळलेलं पाणी साचू न देता बाहेर. पुढे कलकत्ता, मद्रास, मुंबई तिन्ही ठिकाणी बर्फघरं बांधली गेली. मद्रासचं तर आजही उभं आहे, विवेकानंदांच्या नावाने. जाड वेष्टन, कमी उघडझाप, पाण्याला वाट: शीतगृहाचं निम्मं शास्त्र त्या जहाजात होतं.

पाण्याला वाट, यावर आम्ही आता जरा रेंगाळणार आहोत, कारण इथे आम्ही स्वतः तोंडघशी पडलोय.

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टवर आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगांचा खडक, मग कठीण खडक. उन्हाळ्यात खणलेला खड्डा खडखडीत कोरडा दिसतो. जुलैत त्याच भेगांतून पाणी झिरपतं आणि खड्ड्याची विहीर होते. पुरलेल्या खोलीची फरशी पाण्याच्या पातळीखाली दोन मीटर असेल तर प्रत्येक चौरस मीटरला दोन टन जोराने पाणी तिला वर ढकलतं. आपल्या तीस चौरस मीटरच्या खोलीला साठ टन. हलकी पफ-पत्र्याची खोली होडीसारखी उचलली जाते, फरशी फुटते. त्यात काळी माती ओली झाली की फुगते आणि भिंती आत दाबते, उन्हाळ्यात आटते आणि भेगा पडतात. म्हणून भिंतीलगत काळी माती परत भरायची नाही. तिथे खडी किंवा चांगला मुरूम भरायचा आणि तळाशी छिद्रं असलेला पाइप टाकून उताराकडे काढायचा. आणि उतारच नसेल, पाणी पंपानेच उपसावं लागणार असेल, तर आमचा सल्ला सरळ आहे: पुरू नका. जोराचा पाऊस आणि वीज जाणं ही जोडी सगळ्यांच्या ओळखीची आहे.

आमची चूक याहून बारीक होती. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी गटासाठी आम्ही अर्धी पुरलेली खोली बांधली. निचरा नीट केला होता, पाणी कधी आत आलं नाही. पण वाफ अडवणारा थर, म्हणजे जाड प्लास्टिकचा पडदा, आम्ही थर्माकोलच्या आतल्या बाजूला, खोलीकडे लावला. गरम ओलसर बाजूकडून थंड बाजूकडे वाफ सरकत राहते. पुरलेल्या खोलीत गरम ओलसर बाजू म्हणजे माती, आणि ती बाराही महिने तिकडेच असते. वाफ थर्माकोलमध्ये शिरली, आतल्या पडद्याला अडली आणि तिथेच तिचं पाणी झालं. पहिल्या वर्षी काही कळलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बिल चढायला लागलं, यंत्र थांबेचना, कोपऱ्यात काळी बुरशी. एक पॅनेल उघडलं तर थर्माकोल हातात स्पंजासारखा पिळला गेला. ओला थर्माकोल म्हणजे नसल्यात जमा. सगळं उचकटावं लागलं आणि गटाचा एक हंगाम गेला. पैशांतला काही भार आम्ही उचलला, पण गेलेला हंगाम आम्ही परत देऊ शकलो नाही. गटातले एक आजोबा तेव्हा शांतपणे म्हणाले, "साहेब, पावसात इरलं पाठीवर घेतात, सदऱ्याच्या आत नाही." वाफरोधक थर नेहमी बाहेरून, मातीच्या बाजूने, फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर न तुटता. आम्ही आता प्रत्येक आराखड्यावर ती रेघ लाल पेनाने काढतो.

या सगळ्यातून आमचं मत असं झालंय की आपल्याकडे पूर्ण पुरलेल्या खोलीपेक्षा डोंगरउतारात मागून शिरलेली खोली चांगली. तीन बाजूंना माती, दार उताराकडे आणि शक्यतो उत्तरेला, वर सावलीचं छप्पर, आणि फरशीचं पाणी आपोआप खाली जाणारं. क्रेट घेऊन पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, गाडी दाराशी लागते. सपाट जमीन असेल तर खणण्याऐवजी भोवती मातीचा भराव घालता येतो. खाली उतरत जाणाऱ्या रस्त्याचा एक फायदा मात्र कबूल केला पाहिजे: थंड हवा जड असते, ती खोलगट जागेत बरणीतल्या लोणच्यासारखी बसून राहते आणि दार उघडल्यावर वाहून जात नाही. पण त्याच रस्त्याने पावसाचं पाणीही उतरतं. आडवी जाळीची गटार आणि वर छप्पर यांशिवाय तो रस्ता नको.

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते, जमिनीचा खरा उपयोग कुठे आहे. आमच्या मते तो खोलीच्या भिंतीत नाही, यंत्राच्या पाठीमागे आहे.

शीतयंत्र आतली उष्णता उचलून कंडेन्सरमधून बाहेर टाकतं. बाहेर ४२ अंशांची हवा असेल तर कंडेन्सरला पन्नासच्या वर तापावं लागतं, तेव्हा कुठे उष्णता निघते. तेच काम २७ अंशांच्या विहिरीच्या पाण्याने केलं तर तो अडतीस-चाळीसवर भागतो. कंडेन्सरच्या दर अंशामागे विजेत साधारण दोन ते तीन टक्के फरक पडतो. बारा-पंधरा अंश खाली आला तर पाव हिस्सा वीज वाचायला हरकत नाही, आणि तीही नेमकी भर दुपारी. भाजी गार करायला सत्तावीस अंश निरुपयोगी आहेत, पण कंडेन्सर गार करायला तेच सत्तावीस अंश फार मोलाचे.

पाणी वाया घालवायचं का? नाही. आपल्या खोलीचं सगळं मिळून, म्हणजे झिरप, भाजी, दाराची उघडझाप, पंखे, माणसं, भाजीचा स्वतःचा श्वास आणि यंत्राची वीज धरून, दिवसाला सव्वाशेच्या आसपास युनिट उष्णता बाहेर टाकावी लागते. पाणी पाच अंशांनी तापू दिलं तर त्यासाठी वीस हजार लिटरच्या आसपास लागतं. मे महिन्यात एका एकरातल्या उभ्या पिकाला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर तेही वीस हजार लिटरच होतं! म्हणजे ड्रिपला जाणारं पाणी आधी कंडेन्सरमधून फिरवायचं, हौदात घ्यायचं आणि मग शेतात सोडायचं. थेंबभरही जास्त उपसा नाही. बत्तीस अंशांचं पाणी पिकाला बाधत नाही. दोन अडचणी सांगून ठेवतो. आपल्या विहिरींच्या पाण्यात क्षार असतात, नळ्यांवर पापुद्रा बसतो, म्हणून उघडून साफ करता येईल असाच कंडेन्सर घ्यायचा. आणि विहीर आटणाऱ्या गावात हवेवरचा कंडेन्सर जोडीला ठेवायचा.

जमिनीत नुसते बंद नळ पुरून उष्णता सोडण्याची पद्धत थंड देशांत चालते, कारण तिथे हिवाळ्यात तीच उष्णता घर गरम करायला परत काढून घेतात. आपण बाराही महिने फक्त टाकतच राहणार. दोन-तीन वर्षांत नळांभोवतीची माती तापते आणि फायदा सरतो.

विजेच्या वेळेचा प्रश्न बर्फाने सुटतो. एक टन पाणी गोठवलं की त्यात ९३ युनिट थंडी साठते, म्हणजे आपल्या खोलीची साधारण एका दिवसाची गरज. वीज असेल तेव्हा, शक्यतो रात्रीच्या गारव्यात, बर्फ करायचा आणि दिवसभर तो वापरायचा. बर्फ करताना यंत्राला जास्त थंड व्हावं लागतं, त्यामुळे वीज थोडी जास्त खाल्ली जाते. पण माल सडण्यापेक्षा ते परवडतं. असा बर्फाचा हौद पुरायचा असेल तर खुशाल पुरा, तो जड असतो, तरंगत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*कांद्यासाठी जमिनीखालची खोली चालेल का?*

हा प्रश्न येणारच होता. कांद्याचा स्वभाव उलटा आहे. तो एकतर शून्य ते दोन अंशांत नीट राहतो, नाहीतर २५ ते ३० अंशांत. मधल्या तापमानात त्याला कोंब येतात. म्हणजे जमिनीचे सत्तावीस अंश कांद्याला अगदी हवे तसे, एक पैसा वीज न लावता! पण त्याला आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या आसपास हवी आणि हवा खेळती हवी. जमिनीखाली दोन्ही नाही. ओल धरली की काजळी आणि सड. आपली कांदाचाळ जमिनीपासून उंच, खालून-बाजूंनी हवेशीर असते ती याचसाठी. तेव्हा कांदा पुरू नका.

*मग आपले लोक पूर्वी जमिनीखाली धान्य कसं ठेवायचे?*

पेवात. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत, वीस-पंचवीस फूट खोल, वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. पण नीट पाहिलं तर पेव थंडीवर चालत नाही. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कीड गुदमरून मरते. शिवाय तिथली माती अशी की ओल आत येत नाही. म्हणजे कोरडा माल आणि बंद हवा. भाजी ओली असते आणि तिला श्वास घ्यायचा असतो, तिला पेव मानवणार नाही. आणि पाण्यापुढे पेवाचंही काही चालत नाही. २००५ च्या महापुरात हरिपूरची कितीतरी पेवं बुडाली.

*खाली उतरणाऱ्या माणसांना काही धोका?*

आहे, आणि हे आम्ही आधीच बोलायला हवं होतं. पेव उघडल्यावर जाणती माणसं लगेच उतरत नाहीत. तोंड उघडं ठेवतात, मग कंदील सोडून बघतात. तो विझला तर खाली हवा नाही. पुरलेल्या शीतगृहातही हाच प्रकार होऊ शकतो. भाजी-फळं श्वास घेतात, प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड जड असल्याने तळाशी साचतो. यंत्रातला वायू गळला तर बहुतेक नेहमीचे वायूही हवेपेक्षा जड असतात, तेही खड्ड्यात बसून राहतात आणि त्यांना वास नसतो. जमिनीवरच्या खोलीत दाराच्या फटीतून ते निघून जातील, खड्ड्यातून जाणार नाहीत. म्हणून पंख्याची शोषनळी फरशीपासून वीतभर उंचीवर ठेवायची, छताला नाही. पंख्याचं बटण दाराबाहेर, आणि दिवा लागण्याआधी पंखा सुरू होईल अशी जोडणी. दार आतून उघडता आलं पाहिजे, कडी बाहेरून लागली असली तरीही. प्राणवायू मोजणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं, ते फरशीजवळ लावायचं. आणि माल काढायला कधीही एकट्याने उतरायचं नाही. दुसरा माणूस वर, दाराशी उभा राहील. खालचा कोसळला तर वरच्याने धावत खाली जायचं नाही, आधी पंखा लावायचा, मग हाक मारून आणखी माणसं बोलवायची.